‘लावा’ म्हणायचं नाही

गुंडेराव वायर तपासायचे ती डोळे मिटून. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा यांच्या चिमटीत वायर धरायची आणि जपमाळ ओढावी तशी हळूहळू ओढत न्यायची. कुठेतरी बोट थांबायचं. “इथं तुटलीय,” ते म्हणायचे. वरचं वेष्टण अखंड असायचं, पण सोलून बघावं तर आतली तार खरंच तुटलेली. मीटर त्यांच्याकडेही होता, खिळ्याला टांगलेला. “ते गिऱ्हाइकाला दाखवायला,” असं ते मलाच, म्हणजे गिऱ्हाइकालाच, सांगत.

चिक्कडपल्लीच्या एका गल्लीत त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. घराणं मूळचं देगलूरकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या, त्यामुळे मराठीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ केव्हाच मुरलेले. मी पुण्याचा. संगणकाच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून इकडे आलेला, हिमायतनगरात राहणारा. “तुमचं बोलणं इस्त्रीचं आहे साहेब,” ते म्हणत. “चुरगळायचं भ्या वाटतं.”

माझ्याकडे तेव्हा एक जुनी लाल विलायती स्पोर्ट्स कार होती. तारनाक्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून घेतलेली, दोन सीटची, जमिनीला टेकल्यासारखी. पुढचे दिवे बॉनेटच्या दोन कडांना झाकणाखाली लपलेले. बटण दाबलं की झाकणासकट वर यायचे. म्हणजे डावा यायचा, उजवा अर्ध्यात पेंगायचा. गल्लीतली माणसं तिला ‘आँख मारनेवाली गाडी’ म्हणत. ते मला फार लागायचं. बाजार नुकता खुला झाला होता, रस्त्यावर रोज एखादी नवी चकचकीत गाडी दिसत होती, आणि माझी मात्र पेंगत होती.

म्हणून मी परदेशातून नवा संच मागवला: झाकणं उचलणाऱ्या जोरकस मोटर्स आणि लख्ख हॅलोजन दिवे. शिवाय माझी एक खास हौस होती. झाकणांचं बटण वेगळं हवं आणि दिव्यांचं वेगळं, म्हणजे भर दिवसा दिवे न पेटवता नुसती झाकणं उघडमीट करून चार लोकांत मिरवता येईल. आज लिहितानाही त्या हौशीची लाज वाटते.

गुंडेरावांनी नवी मोटर बॅटरीला जोडली, कानाशी धरली आणि मान हलवली.

“जोर जादा आहे. पापणीला एवढा जोर कायकू? जुनी मोटर बगा, बोट आडवं आलं की थांबते. ही नाही थांबायची.”

“बोट घालतंय कोण मध्ये?” मी म्हणालो.

त्यांनी मोटर खाली ठेवली. काम घेतलं, पण एका अटीवर. मोटर हातानं फिरवता येईल अशी एक फिरकी ते खाली बंपरपाशी बसवणार. मी म्हटलं, ती दिसेल, गाडीची शोभा जाईल. “मोटर मेली तर बत्ती हातानं वर आली पाहिजे,” ते म्हणाले. “बत्ती आपल्याला दिसावं म्हणून नसते साहेब. आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून असते.” फिरकी बसलीच.

रविवारी सकाळी जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती. शनिवारी दुपारी डावा दिवा झाला होता, उजवा राहिला होता. मी जेवणानंतर येऊन बसलो होतो आणि दर पाच मिनिटांनी “झालं का?” विचारत होतो. “हल्लू साहेब, हल्लू,” एवढंच उत्तर यायचं. शेवटी मदत म्हणून बटणं दाबायला मी गाडीत बसलो. बॉनेट वर केलेलं, त्यामुळे पलीकडे उभे असलेले गुंडेराव मला दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. उजवा दिवा वर आलेला होता, पेटलेला नव्हता.

“झाकण कडेला घासायलंय,” त्यांचा आवाज आला. मग म्हणाले, “लावा.”

पुण्यात काय आणि हैदराबादेत काय, मराठी माणूस दिवा लावतो तो पेटवायला आणि दार लावतो ते बंद करायला. कडेच्या फटीत कुठं घासतंय ते उजेडात दिसावं म्हणून त्यांना दिवा लावून हवा होता. माझ्या डोक्यात मात्र झाकण होतं. मी झाकणाचं बटण दाबलं.

मोटर घुरघुरली आणि मध्येच कोंडल्यासारखी झाली. ओरडण्याचा आवाज आला नाही. उतरून धावत गेलो. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं झाकण आणि पत्रा यांच्यामध्ये सापडली होती आणि मोटर अजून दाबतच होती. मी परत बटणाकडे वळलो.

“नक्को!” आता मात्र ते ओरडले. “बटन नक्को! बटनानं ही उलटी फिरत नाही. आधी पुरी मिटते, मग उघडते!”

मी परत फिरलो.

“बॅटरीची वायर ओढा. ढिलीच ठेवलीय मी.”

ओढली. घुरघुर थांबली.

“आता फिरकी. बरणीचं झाकण उघडतो तसं.”

मी रस्त्यावर आडवा झालो. फिरकी सापडली, पण खालून बघताना बरणी सुलटी की उलटी तेच मला उमगेना. एक वळसा चुकीचा पडला तर हाडं मोडणार होती. ज्या बोटांवर हा माणूस जगत होता ती बोटं. मी विचारलं, “डावीकडे? कुणाच्या डावीकडे?”

“डावं-उजवं सोडा,” ते दातांमधून म्हणाले. “चिंचेचं झाड दिसायलंय ना? झाडाकडे फिरवा. दुकानाकडे नक्को.”

झाडाकडे फिरवली. एका वळशाला झाकण केसभर उचलत होतं. घामानं फिरकी निसटत होती, मी शर्टाला हात पुसून पुन्हा धरत होतो. “हल्लू,” ते वरून म्हणत होते, “हल्लू. तुमचा हात थरथरायलाय साहेब. माझा नाही थरथरत, बगा.” बोटं त्यांची सापडलेली, आणि धीर ते मला देत होते. विसाव्या का बाविसाव्या वळशाला हात बाहेर आला.

हाडं जुळली. तर्जनीच्या टोकाची जाणीव मात्र परत आली नाही. दोनेक महिन्यांनी मी दुकानात बसलो असताना त्यांनी डोळे मिटून एक वायर चिमटीतून ओढली. बोट कुठंच थांबलं नाही. वायर संपली. त्यांनी डोळे उघडले आणि खिळ्यावरचा मीटर काढला. मी गल्लीत काहीतरी बघत असल्याचं सोंग केलं.

फेरीला मी गेलो नव्हतो. नव्या मोटर्स काढून जुन्या बसवायला लावल्या, गाडी पुन्हा डोळा मारू लागली. एकदा धीर करून म्हटलं, “गुंडेराव, चूक माझी होती.”

“तुमची नाही, माझी बी नाही,” ते म्हणाले. “शब्दच दुतोंडी आहे. आता इथं ‘लावा’ म्हणायचं नाही. ‘उघडा’ आणि ‘मिटा’, बस.”

आणि तो नियम त्यांनी खरंच पाळला, घरीसुद्धा. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, आधी भरपूर थट्टा केली. “कुकर लावू का उघडू? उघडला तर जेवाल काय? अन् कुंकू? ते बी उघडू?” पण तिन्हीसांजेला देवापाशी जाताना त्यांच्याही तोंडात तेच बसलं. “दिवा उघडते,” म्हणत. मी गेलो की दोघं माझ्याकडे बघून हसायचे. मला काही हसू यायचं नाही.

पुढे मी पुण्याला परतलो. गुंडेराव गेल्याचा फोन आला तेव्हा मिळेल त्या गाडीनं निघालो, तरी पोचेपर्यंत दुपार झाली होती. त्यांना नेलेलं होतं. जिथं ठेवलं होतं तिथं पीठ पसरून पणती ठेवलेली होती, ती पंख्याच्या वाऱ्यानं नुकतीच विझली होती. खोलीत दहा-बारा माणसं बसलेली होती. वहिनींनी पणतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “दिवा उघडा.”

शेजारच्या बाईंना वाटलं, दुःखात शब्द चुकला. त्यांनी हळूच “लावा, लावा” असं मला समजावलं. मी पंखा बंद केला, खाली बसलो आणि काडी ओढली. ज्योत वातीपर्यंत जाईना, इतका हात हलत होता.

“हल्लू,” वहिनी म्हणाल्या.