एक थाप, दोन थापा

आमच्या इंजिनिअर तुकडीची नेमणूक चांदा जिल्ह्यात झाली तेव्हा मी नवा ड्रायव्हर होतो. पन्नासचं दशक होतं. सिरोंच्याच्या वाटेवरच्या नाल्यांवर पूल बांधायचे होते. रस्ता एका ट्रकपुरता, दोन्हीकडे खंती, म्हणजे खोल चर, त्यांच्यापलीकडे बांबू आणि साग. माझ्या ताब्यात तीन टनी ट्रक आणि त्याच्यामागे ट्रेलर. ट्रेलरवर खडक फोडायचा अवजड कॉम्प्रेसर.

पुढे चालवण्यात मी कुणाला हार जात नव्हतो. रिव्हर्स टाकला की मात्र ब्रह्मांड आठवायचं. स्टिअरिंग डावीकडे घ्यावं तर ट्रेलर उजवीकडे पळे. सावरायला जावं तर दुमडून ट्रकच्याच कुशीत शिरे.

शिकवायला हवालदार सावंत होते. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. कोकणातला माणूस, बोलणं कमी, चिडणं त्याहून कमी. पीटी झाली की मैदानात रिकामे ड्रम मांडायचे आणि मी ते पाडायचे, असा क्रम होता.

"ड्रमनं तुझं काय घोडं मारलंय?" एवढंच ते विचारत. मग म्हणत, "स्टिअरिंगचं चाक खालून धर. ट्रेलरचं शेपूट जिकडं हवं, तिकडं हात ने. डोकं लावू नकोस."

ट्रकच्या हौद्यात उभे राहून ते मागे बघत आणि केबिनच्या पत्र्यावर थाप मारत. दोन थापा, येऊ दे. एक थाप, थांब. एकदा एका थापेनंतर मी स्वतःच्या अकलेनं गाडी हलवली. ते खाली उतरले, माझ्या खिडकीशी आले.

"एक थाप पडली की ब्रह्मदेव आला तरी दोन पडेपर्यंत हलायचं नाही. मागं माणूस असतो."

त्यानंतर मी तो हुकूम कधी मोडला नाही.

पावसाळा सरत आला होता. त्या दिवशी आम्ही तिघंच निघालो. मी, उस्ताद, आणि वाट दाखवायला जवळच्या गावचे लचमाभाऊ. वाटेत साग आडवा पडलेला. उस्ताद आणि लचमाभाऊंनी करवत लावली. खोड तुटलं आणि त्याचा वरचा अर्धा भाग उतारावरून उस्तादांच्या अंगावर आला. खोड आणि दरड यांच्यामध्ये ते पोटाशी दाबले गेले.

आम्ही पहारीनं खोड हटवून त्यांना बाहेर काढलं. रक्ताचा थेंब नव्हता.

"लागलंय जरा," ते म्हणाले. पण ओठ पांढरे पडत चालले होते.

दवाखाना मागे राहिला होता. पुढे खोड, बाजूला खंती, ट्रक वळवायला जागा नाही. ट्रेलर सोडवून खंतीत ढकलावा तर त्याची चाकं चिखलात रुतलेली; आम्ही दोघांनी जोर लावला, तो तसूभर हलला नाही. मागे बांबूचा डेपो होता, तिथं मोकळी जागा होती. तिथपर्यंत रिव्हर्समध्ये जाणं, एवढाच मार्ग.

उस्तादांना हौद्यात निजवलं, डोकं केबिनकडे.

"उस्ताद, मला जमायचं नाही," मी म्हणालो. मला रडू येत होतं.

"मला तरी कुठं जमतंय? लचमाला मागं चालू दे. तो मला ओरडून सांगेल, मी थाप मारतो. चाक कसं धरायचं?"

"खालून."

"चल."

दोन थापा पडल्या. इंजिनाच्या आवाजात लचमाभाऊंचं ओरडणं मला ऐकू येत नव्हतं. मला फक्त पत्रा ऐकू येत होता. थोडं मागे गेलो आणि ट्रेलर दुमडायला लागला. एक थाप. थांबलो.

"पुढं घे. सरळ कर," हौद्यातून बारीक आवाज आला.

सरळ केला. दोन थापा. पुन्हा मागे. असं किती वेळा झालं, सांगता येत नाही. थापा हळू होत गेल्या, पण पडत होत्या. मग एक थाप पडली.

मी ब्रेक दाबला. दोन थापांची वाट बघत बसलो. हात चाकाला खाली, कान पत्र्याला. पत्रा गप्प.

लचमाभाऊ पुढे आले. "काऊन थांबले जी? मागं रस्ता मोकळा हाय. मी केव्हाचा ओरडून राह्यलो."

"उस्तादांनी थांबवलंय."

ते हौद्यात चढले. उस्तादांपाशी वाकले.

"साहेबाचा हात खाली पडला हाय," ते म्हणाले. "आता त्याइले नको विचारू काई."

मी वर जाऊन नाडी बघितली. नाडी नव्हती. ती थाप त्यांनी मारली की हात आपोआप पत्र्यावर पडला, मला कळलं नाही. मी पुन्हा खाली येऊन चाकाशी बसलो. गाडी हलवायला हात धजेना. दोन थापा पडल्याच नव्हत्या.

शेवटी लचमाभाऊंनी उस्तादांच्या अंगावर आपला पंचा पांघरला आणि पत्र्यावर दोनदा हात मारला. डेपोपर्यंतचा उरलेला रस्ता मी एकदाही न चुकता मागे आलो. ट्रेलर दोरीत चालल्यासारखा सरळ. ते बघायला उस्ताद नव्हते.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आतून फुटलं होतं, लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता. ते माझ्या समाधानासाठी म्हणाले की काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुढे मीही उस्ताद झालो. पुष्कळ पोरांना रिव्हर्स शिकवला, चाक खालून धरायला लावलं. त्या पोरांना सावंतांचं नाव सांगितल्याशिवाय मी पहिली थाप मारली नाही.