बोटांना कळलं होतं

दुकानात खुर्च्या दोन आणि केस कापणारे भाऊही दोन. गिऱ्हाइकं त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. धाकटे मोजकंच बोलत. थोरल्यांचं तोंड मात्र कात्रीच्या वरताण चालायचं.

एकदा पेपरात आलं, की कृत्रिम बुद्धिमत्ता भल्याभल्यांच्या नोकऱ्या खाणार, पण न्हाव्याच्या धंद्याला धक्का नाही. झालं! थोरल्यांना आभाळ ठेंगणं झालं. येईल त्याला ऐकवायचे, "केस काय, यंत्रही कापेल. पण वस्तऱ्यापुढे गळा माणूस माणसाच्याच भरवशावर धरतो. आणि ही बोटं! डोक्याला हात लागला, की आत काय चाललंय ते कळतं मला." मग विचारायचे, "तुमचं काम कुठलं? गेलं समजा!" बाकावरची मंडळी खो-खो हसायची.

अशाच एका सकाळी भाषांतरकार आले. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. औषधांच्या खोक्यातले माहितीचे कागद, यंत्रांची पुस्तकं असलं काहीबाही ते एका कंपनीसाठी भाषांतरित करून द्यायचे. केस कापून पंधराच दिवस झाले होते, तरी म्हणाले, "जरा सारखे करा."

थोरल्यांना आयतंच सापडलं. "तुमचा तर पहिला पत्ता कट!"

बोटांखालची मान लाकडासारखी ताठ झाली. थोरल्यांना ते कळलं. पण बाकावर हशा पिकला होता, तो सोडवेना. "घाबरू नका हो, इथे झाडू मारायला ठेवतो तुम्हाला!"

आरशात बघत भाषांतरकारही हसले. सगळ्यांच्या नंतर.

त्यानंतर तीन महिने ते फिरकले नाहीत. एक दिवस त्यांची बायको भाजीच्या दुकानात भेटली. थोरल्यांनी हाक मारली, "वहिनी, साहेब रुसले की काय आमच्यावर?"

"काम बंद झालं त्यांचं," ती म्हणाली. "तुमच्याकडे शेवटचे आले ना, त्याच सकाळी कंपनीचं पत्र आलं होतं. घरात बसवेना, म्हणून तुमच्याकडे येऊन बसले."

थोरल्यांच्या हातातली पिशवी जड झाली. भाजी न घेताच ते घरी गेले.

दोन दिवस धीर गोळा करून त्यांनी भाषांतरकारांचं दार वाजवलं. उघडायला स्वतः भाषांतरकारच आले. केस कानांवर वेडेवाकडे कापलेले, घरच्या कात्रीचे. चहा झाला. थोरल्यांनी कपाकडे बघत सांगून टाकलं, "मला तेव्हाच कळलं होतं. तरी बोललो. लोक हसत होते म्हणून."

"असू द्या हो. चेष्टाच ती."

"मागचे केस तरी सारखे करून देऊ?"

"नको. बायको कापते," ते इतकं गोड बोलले, की थोरल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

महिनाभराने भाषांतरकार दुकानात आले. दुसरीकडे अर्धवेळ नोकरी लागली होती. थोरल्यांची खुर्ची रिकामीच होती. त्यांनी लगबगीने टॉवेल झटकला.

"मी थांबतो," म्हणत भाषांतरकार बाकावर टेकले. धाकट्यांच्या खुर्चीत एक दाढी चालू होती. ती होईपर्यंत थांबून ते तिथेच जाऊन बसले.

धाकट्यांनी भावाकडे पाहिलं. थोरल्यांनी मान खाली घातली आणि धुतलेल्या फण्या पुन्हा धुवायला घेतल्या.