परक्या चाऊसची भाकर

सायकलला ब्रेक असतो हे मला माहीत होतं. तो कुठल्या हाताला असतो, तेवढं ऐनवेळी आठवलं नाही. सायकल नवी, वकिली नवी आणि समोर ईरम्माची टोपली. ज्वारीच्या भाकरी कचेरीच्या रस्त्यात लोळल्या आणि पिठल्याचा डबा माझ्या काळ्या कोटावर रिकामा झाला.

ईरम्मा मूळची मन्नाएखेळ्ळीकडची लिंगायत बाई. आमच्या तालुक्याच्या गावात खानावळ चालवायची. मराठीत वाढायची, कानडीत रागवायची आणि पोलिसांशी उर्दू बोलायची. पानावर बसलेल्याला तू कोण, कुठला, हे तिनं कधी विचारलं नाही.

भाकरी झटकून टोपलीत टाकत ती म्हणाली, "वकीलसाब, चला माझ्यासंगं ठाण्यात."

"अक्का, चार भाकरींसाठी ठाणं कामून?"

"तुमच्यासाठी न्हाई. चाऊस कोठडीत हाय. शिपाई मला आत सोडंना. काळा कोट बघून सोडतील."

"कोटावर पिठलं आहे."

"असू द्या. तेवढाच वकिलीला वास येईल."

चाऊस म्हणजे म्हातारा अरब. पोरवयात अरबस्तानातून आला आणि मन्नाएखेळ्ळीकडच्या एका देशमुखाच्या पदरी पहारेकरी झाला. निजामाचं राज्य गेलं तेव्हा देशमुखानं पांढरी टोपी घातली आणि एका सकाळीत तो देशभक्त झाला. चाऊसला टोपी बदलून भारतीय होता येईना. मागच्या बाजारी त्याला पकडलं होतं. का, ते सांगितलं नाही. मुन्सफापुढं, म्हणजे न्यायाधीशापुढं, उभं केलं नाही. उद्याच लॉरीत घालून हैदराबादला आणि तिथून जहाजावर, असं ठरलं होतं. माणूस नव्हे, पोतं.

गजाआडून चाऊसनं ईरम्माला पाहिलं आणि मान खाली घातली. "बहन, वो बावडी..." एवढंच बोलला.

"पैले खा," ती म्हणाली.

मी अमीनसाहेबांना, म्हणजे ठाण्याच्या अधिकाऱ्याला, कारण विचारलं. ते खुर्चीत सैलावून हसले. "घटना आपल्या लोकांसाठी, वकीलसाहेब. हा परदेशी. याला कसला मुन्सफ?"

वर्षापूर्वी, सव्वीस जानेवारीला, मी टेबलावर चढून घटनेची थोरवी सांगितली होती आणि त्याबद्दल हारही घालून घेतला होता. आता माझ्या तोंडून फक्त "तसं नव्हे, पण" निघालं. पुढचं ईरम्मा बोलली.

"अमीनसाब, परदेशी माणसाला तुमची कोठडी चालतीय, तुमचं कुलूप चालतंय, शिपायाचा दंडा बी चालतोय. मग कायदाच तेवढा कामून चालंना?"

शिपाई खिडकीबाहेर बघू लागला. आणि मला राग आला. पिठलं माखलेला माणूस रागावला की लोकांना हसू येतं, पण मी तसाच मुन्सफाच्या कोर्टात शिरलो. म्हटलं, मत द्यायचा हक्क घटनेनं नागरिकांना दिलाय, मान्य. पण पकडलेल्याला कारण सांगा, मुन्सफापुढं आणा, हे तिनं इथल्या प्रत्येक माणसासाठी लिहिलंय. परदेशी लोकांतून शत्रुराष्ट्राचा माणूस तेवढा वगळलाय, आणि आपलं अरबस्तानाशी युद्ध चालू असल्याचं निदान माझ्या तरी कानावर नाही. मुन्सफांनी नाकाला रुमाल लावून सगळं ऐकलं आणि हुकूम दिला : आरोपीला हजर करा.

दुसऱ्या दिवशी लॉरी गेली, चाऊसला न घेता. पुढं काय करायचं ते मुन्सफ ठरवणार होते. पण त्याला विचारून, त्याच्या तोंडासमोर.

कोर्टाच्या पायरीवर मी विचारलं, "अक्का, ती बावडी कसली?"

"दुष्काळ व्हता. देशमुखाच्या इहिरीवर ह्योच कमरेचा जांबिया उपसून उभा. मला रिकामी घागर घेऊन परत धाडलं. म्हणला, पाणी वाड्यातल्या लोकांसाठी हाय."

मी चाटच पडलो. "आणि त्याच माणसासाठी तुम्ही ठाण्यात भांडलात? कामून?"

ईरम्मानं रिकामी टोपली माझ्या सायकलच्या हँडलला अडकवली.

"मग आता इहिरीवर जांबिया घेऊन मी उभी राहू व्हय?"