साहेबांची माशी

किस्से तरोट्यासारखे असतात. पेरत कोणी नाही, पण कुंपणाकडं पाहावं तर रान माजलेलं. पन्नासच्या दशकात मी पुलगावच्या लष्करी कॅम्पात माळी होतो. तिथल्या एका साहेबांचेच इतके किस्से आहेत की निवडताना हात दुखतो.

दर रविवारी आम्ही चौघे तळ्यावर जायचो. साहेब, त्यांच्या ऑफिसातले कारकून डोंगरेबाबू, सखाराम ड्रायव्हर आणि मी. साहेबांना ट्राउटचा नाद. हा मासा काश्मीरच्या थंडगार तळ्यांत असतो. आमच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात चहासारखं तापायचं. बाबूंनी भीत भीत विचारलं, इथं ट्राउट कसा मिळेल? साहेब म्हणाले, "देव कधी दिसतो का? तरी देवळात जाताच ना?"

झालं. वर्षभर आमचं देवदर्शन सुरू!

गळाला साहेब गांडूळ लावत नसत. ते पाप. शनिवारी व्हरांड्यात बसून ते गळावर सशाचे केस, तांब्याची तार आणि कोंबड्याचं पीस गुंडाळायचे. ही त्यांची माशी, नाव निंफ. पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लाचं सोंग म्हणे. पिसांपायी मेसच्या कोंबड्याची मान उघडी पडली. शेवटी आचारी हात जोडून म्हणाला, "साहेब, याले रश्श्यात टाका नाईतर माशीत टाका. अर्धा अर्धा नका करू."

एकदा साहेबांनी दोर मागे झोकला तो म्हशीच्या कानात अडकला. गुराखी शांतपणे म्हणाला, "साहेब, तळं तिकडं हाय. म्हैस कायले धरून राह्यले?" साहेबांनी हलक्या हातानं गळ काढला आणि म्हशीची माफी मागितली. सखाराम म्हणाला, वजनात आजवरचा हाच मोठा मासा.

बाबू बाजूला बसून कणकेच्या गोळीवर मासे काढायचे. साहेब तिकडं बघतही नसत. म्हणायचे, "याला मासेमारी म्हणत नाहीत, पंगत म्हणतात."

मग साहेबांची बदली आली. शेवटच्या रविवारी ते मला हळूच म्हणाले, "नामदेव, एक मासा हवा होता रे. या माशीवर. एकच."

मी बाबूंना सांगितलं, बाबूंनी सखारामला. सखाराम बाजारात मासे विकणाऱ्या भोईणीकडून चांगला मोठा रोहू घेऊन आला, ओल्या पोत्यात गुंडाळलेला. साहेब काठी दोन दगडांत रोवून झाडाखाली चहा प्यायला गेले. सखाराम पलीकडून गळ्याइतक्या पाण्यात उतरला आणि पोतं सोडून माशाच्या तोंडात निंफ अडकवली. तेव्हा त्याला दिसलं. पण तोवर बाबूंनी आरोळी ठोकली होती, "साहेब, लागला!"

साहेब धावले. दोन्ही हातांनी दोर ओढू लागले. मासा काठावर आला.

खवले काढलेले. पोट चिरून स्वच्छ केलेलं. चिरेत हळद-मीठ भरलेलं. भोईण सगळ्याच गिऱ्हाइकांना तसाच द्यायची.

बाबू आभाळाकडं बघत होते, मी माझ्या पायांकडं. सखाराम तर पाण्यातून वरच येईना.

साहेबांनी मासा बराच वेळ निरखला. मग निंफ सोडवून टोपीला खोचली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ट्राउटच आहे, नामदेव. थंड देशातला, शिस्तीचा मासा. हळद लावूनच निघाला."