भावोजींचा कोरा पत्रा

माझे भावोजी शास्त्रज्ञ होते. लोकांना वाटतं तसे केस पिंजारून स्वतःशी पुटपुटणारे नव्हेत हं. रोज गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी गंजामागे घालवली. लोखंडाला गंज चढू नये म्हणून कोणता रंग लावायचा, ते त्यांची प्रयोगशाळा शोधायची. तिच्या गच्चीवर तिरप्या मांडण्या होत्या आणि त्यांवर वेगवेगळ्या रंगांचे पत्रे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खात पडलेले असायचे. प्रत्येक रांगेत एक पत्रा मात्र बिनरंगाचा. त्याला ते कोरा म्हणायचे. कोरा शेजारी नसेल तर बाकीच्यांना रंगाचा काय फायदा झाला ते कळणार कसं, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

निवृत्त झाल्यावर हे घरात बसतील आणि ताईच्या डोक्याला ताप होईल, अशी मला धास्ती होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आमची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे मी दिवसातून एकदा तरी तिथे टपकायचेच. तर भावोजी घरात बसलेच नाहीत, जिन्यावरून गच्चीत गेले. तिथे गुलाबाच्या कुंड्या आल्या. मग दुर्बीण करायची म्हणून काच घासणं सुरू झालं. खाली बंद पडलेली घड्याळं खोलून ठेवलेली, स्वयंपाकघरात पावाचं पीठ फुगायला ठेवलेलं, आणि संध्याकाळी माउथ ऑर्गन. ते तो इतका वाईट वाजवायचे की शेजारचा कुत्रा उठून जायचा. ताई हसायची. हवं-नको सगळं तीच बघायची, कुंड्यांना चिठ्ठ्या चिकटवण्यापासून पीठ झाकण्यापर्यंत.

आणि प्रत्येक छंदात एक कोरा असायचाच. दोन पाव, त्यातला एक काहीही न घातलेला. गुलाबांना कसलं कसलं खत, पण एक कुंडी कोरी. एका उन्हाळ्यात त्या कोऱ्या कुंडीतलं रोप मरगळलं. ताईला बघवेना, तिने त्याला इतरांच्यातलं मूठभर खत घातलं. भावोजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वर्षाचं काम गेलं," एवढंच म्हणाले आणि आठवडाभर मुकाट जेवले. ताईने कानाला खडा लावला. त्यांच्या प्रयोगात पुन्हा हात घालायचा नाही.

पुढे दोघांचेही गुडघे एकाच सुमाराला दुखायला लागले. डॉक्टरांनी दोघांना एकच व्यायाम सांगितला. खुर्चीत बसायचं, पाय सरळ उचलायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली ठेवायचा. भावोजींचे डोळे चमकले. घरात दोन माणसं, एकाच वयाची, एकच दुखणं! ते ताईला म्हणाले, आधी मी एकटाच करतो, तू थोडे महिने थांब, मग कळेल याने खरंच फरक पडतो का. ताई बरं म्हणाली. ती त्यांना कधी नाही म्हणायचीच नाही.

त्यानंतर दुर्बिणीची काच जमायला लागली आणि भावोजी तिच्यात बुडाले. स्वतःचा व्यायाम मात्र चुकवायचे नाहीत, सवयच लागली होती. ताई कपडे वाळत घालायला वर जायची, ते बंद झालं. संध्याकाळी गच्चीच्या कठड्याला टेकून रस्ता बघत बसणं हा तिचा दिवसातला एकुलता एक स्वतःचा वेळ, तोही सुटला. मी तिला म्हटलं, आळशी झालीस तू, नवरा बघ कसा टुणटुणीत आहे. ती नुसती हसली.

वर्ष उलटून गेलं आणि दुर्बीण तयार झाली. दिवेलागणीला चंद्र दाखवायचा म्हणून भावोजींनी वरून हाका मारल्या. ताई चार पायऱ्या चढली आणि कठडा धरून खाली बसली. मी मागेच होते. भावोजी धावत खाली आले आणि विचारू लागले, एवढं कसं दुखतंय, व्यायाम करत नाहीस का तू?

ताई म्हणाली, "तुम्ही सुरू कर म्हणून सांगितलंच नाहीत."

कुरकूर नव्हती त्यात. दूधवाला आला नाही म्हणून सांगावं, तसं सांगितलं तिने. भावोजी तिच्या खालच्या पायरीवर मटकन बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोलले मी त्यांना.

दुसऱ्या दिवशी भावोजी तिला म्हणाले, आता सुरू कर, आणि समोरासमोर दोन खुर्च्या आल्या. ते आकडे मोजायचे, ती पाय उचलायची. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, सांधा आखडलाय, आता जिना काही जमणार नाही. पण करत राहा, तोटा नाही. दुर्बिणीवर चादर पडली. घड्याळं कुणाकुणाला देऊन टाकली. गुलाबाची कोरी कुंडी तेवढी त्यांनी खाली आणून ताईच्या खिडकीत ठेवली आणि तिला पोटभर खत घातलं.

ताईने त्यांना कितीदा समजावलं. म्हणायची, मला काही राग नाही, तुम्ही वर जा, आणि तो भसाडा बाजा तरी वाजवा. पण ते कुठले ऐकतात! माझ्याकडे येऊन चहा गार करत बसायचे. एकदा म्हणाले, "कोरा पत्रा मी रोज जाऊन बघायचो गं. हिच्याकडे बघितलंसुद्धा नाही." तिला आळशी म्हणणारी मी, मी तरी कुठे बघितलं होतं?

गेल्या थंडीत दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

पाहुणे पांगल्यावर मी ताईकडे गेले. ती खुर्चीत बसून पाय उचलत होती, समोरची खुर्ची रिकामी. चेहरा दुखण्याने आवळलेला. मला राहवेना. म्हटलं, आता कशाला हाल करून घेतेस, डॉक्टरांनीच सांगितलंय ना जिना आता जमणार नाही म्हणून?

"ह्यांनी सुरू कर म्हटलंय," ती म्हणाली. "बस कर म्हणाले नाहीत."

तिचा पाय तसाच हवेत थरथरत होता. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि आकडे मोजायला लागले.