देऊळघाटच्या शेतातून बिनतारी ई-मेल

देऊळगाव राजा मागे पडलं आणि एसटीच्या खिडकीतून तुरीची पिवळी फुलं दिसू लागली. माझ्या मांडीवर रेडिओची पेटी, शेजारी सदानंद. आम्ही दोघंही पुण्याचे, हौशी रेडिओचे परवानाधारक. इंटरनेट नसताना शॉर्टवेव्हवरून ई-मेल पाठवायचा कोणता मार्ग चांगला, यावर आमचं कधीचं भांडण. त्याचा भरवसा महागड्या मोडेमवर. माझं म्हणणं, लॅपटॉप अक्षरांचे सूर करून रेडिओला देतो, तेवढं पुरे. निकाल लावायला आम्ही त्याच्या मित्राकडे, देऊळघाटच्या गजाननभाऊंच्या शेतावर निघालो होतो.

पोचताच भाऊंच्या पत्नी वंदनावहिनींनी भाकरी आणि बेसनाच्या पातोडीचा झणझणीत रस्सा वाढला. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवलो आणि अँटेनाची तार घेऊन कडुलिंबाकडे पळालो.

"काऊन हो ताई, मोबाइल हाये ना खिशात?" भाऊ म्हणाले. "मंग हे तार कायले (कशाला) बांधून राह्यल्या?"

"मोबाइल बंद पडला तर?"

भाऊ हसले. पण तार बांधून होईतो तो खरंच बंद पडला! कुठंतरी खोदकामात केबल तुटली म्हणे. गावभर रेंज नाही. मला एकदम धसका बसला. पुण्यात त्याच सकाळी बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. "किरकोळ आहे, तू जा," असं म्हणून त्यांनीच मला पिटाळलं होतं. माझ्या भावाला मी रेडिओवरचा ई-मेल पत्ता देऊन ठेवला होता.

लॅपटॉप लावला. रेडिओत नुसती खरखर. सदानंदचं मोडेमही ई-मेल पुढे धाडणाऱ्या दूरच्या केंद्राला पकडेना. मग लॅपटॉपवरूनच तिसरा, अगदी मंद मार्ग वापरला. एकेक शब्द रांगत जातो, पण खरखरीतूनही वाट काढतो. 'पोचले. बाबा कसे?' एवढीच ओळ भावाला गेली. उत्तर मात्र त्या वाटेने येत नाही.

खरखर येत होती कुठून? सोबत आणलेला दुसरा, छोटा रेडिओ घेऊन मी बांधावरून चालत सुटले. सौरपंपाच्या पेटीजवळ तो अक्षरशः किंचाळला. मी तिथूनच ओरडले, "भाऊ, पंप थोडा वेळ बंद ठेवता?"

"ठेवतो ना! हरबरा काई पळून नाई जाऊन राह्यला."

पंप थांबला आणि रेडिओ स्वच्छ झाला. लॅपटॉपने केंद्राला हाक मारली. लांबून सुरांचं उत्तर आलं. मी घाईघाईने ते फोनवर रेकॉर्ड करू लागले. पडद्यावर भावाची अक्षरं उमटली: 'ऑपरेशन छान झालं. बाबा चहा मागतायत.'

"आलं का वो?" वहिनींनी विचारलं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, आणि त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

नंतर सदानंदच्या मोडेमने तेच काम बरंच लवकर केलं. मी ते मोकळ्या मनाने मान्य केलं. वेग हवा तर त्याची पेटी, खिसा हलका असेल तर माझा लॅपटॉप, आणि काहीच ऐकू येत नसेल तेव्हा तो रांगणारा मार्ग. असा निकाल लागला खरा, पण परतीच्या एसटीत सदानंद पुन्हा वाद घालू लागला, आणि मलाही तेच हवं होतं.

पुण्यात बाबा डोळ्याला पट्टी लावून बसले होते. मी त्यांना रेकॉर्ड केलेले ते चिरके सूर ऐकवले. "बाबा, ही तुमची खुशाली, चहाच्या मागणीसकट."

त्यांनी फोन कानाशी धरला, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "यात चहाचं कुठं आहे? परत लाव."