दुपारनंतर हात उठत नव्हते

डॉक्टरांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला आणि माझ्या खाली आलेल्या उजव्या पापणीवर धरला. थोड्या वेळाने काढला, तर पापणी वर गेलेली. संध्याकाळची वेळ होती, नगरच्या हॉस्पिटलात माझे यजमान सलीम शेजारी उभे होते. "उघडला की डोळा," ते म्हणाले.

"हे थोडाच वेळ टिकेल," डॉक्टर म्हणाले. "पण आजार बहुतेक कळला. मायस्थेनिया ग्रेव्हिस."

नेवाशात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. सकाळी मी झरझर बांगड्या भरायचे. दुपारनंतर मात्र गिऱ्हाइकाचा हात दाबायलाही जोर उरत नसे. बायका म्हणायच्या, "भाभी, झोप न्हाई का झाली? डोळा लई जड दिसतोय." रात्री भाकरी चावताना जबडा मध्येच थांबे. एका डॉक्टरने रक्त कमी सांगितलं, दुसऱ्याने टेन्शन. सकाळी तपासायला जावं तर मी ठणठणीत. सासूबाईंना वाटलं, सून कामचुकार झाली. हळूहळू मलाही तसंच वाटू लागलं.

बर्फाच्या त्या तपासणीनंतर नगरलाच नसेला बारीक शॉक देऊन तपासणी झाली. पहिल्या झटक्याला स्नायू नीट हलला, पुढच्या झटक्यांना कमी कमी. त्या दिवशी सासूबाई सोबत होत्या. डॉक्टरांनी समजावलं, "हात हलवायचा हुकूम नसेतून येतो. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. ते पकडणाऱ्या जागा स्नायूवर असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. तिथं ते बसलं की स्नायू आकसतो. यांच्या शरीरातली प्रतिकारशक्तीच त्या जागा अडवतेय. नस चांगली, स्नायूही चांगला. हुकूम पुरता पोचत नाही; काम होईल तसा आणखी कमी, विश्रांतीनंतर पुन्हा बरा."

"म्हंजी, ही मुद्दाम करत न्हवती?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आजी."

आम्ही एसटीने परतलो. उतरताना माझी पिशवी त्यांनी घेतली.

ते रसायन जास्त वेळ टिकावं म्हणून एक गोळी सुरू झाली. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांनी चेहरा सुजला. आजार गेलेला नाही, थकवाही नाही. तुमच्या घरी कुणाची पापणी दिवस कलताना खाली येत असेल, तर सकाळी नको, संध्याकाळीच डॉक्टरांना दाखवा. गिळता येईना किंवा श्वास लागला, तर सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.

आता मी दुपारच्या जेवणाच्या वेळेलाच दुकान बंद करते. परवा कुलूप लावताना एक नवरी मुलगी आईला घेऊन आली, लग्नाचा चुडा भरायला. मी म्हणाले, "उद्या सकाळी या." पूर्वी असं म्हणायला माझी जीभ रेटली नसती. आई कुरकुरत गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दोघी पायरीवर बसल्या होत्या. एकही बांगडी न फुटता मी तिचे दोन्ही हात भरले.